सत्कारानंतर गळालेले पालक: कौतुक कुठे चुकलं आणि कसं सुधारलं

शाळेने वर्षाच्या शेवटी स्वयंसेवक पालकांचा मोठा सत्कार केला. स्वयंसेवक पालक ८६, दोन तासांचा कार्यक्रम, तीन भाषणं, प्रमाणपत्रं आणि स्मृतिचिन्हं. नवं वर्ष सुरू झालं, नोंदणीचा तक्ता लागला आणि त्यावर ४७ नावं आली. "एवढं केलं, आता आणखी काय करायचं?" मुख्याध्यापकांचा हा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. त्याच्या उत्तरासाठीच हे प्रकरण मांडलं आहे. शाळा नमुन्याची आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. चुका मात्र शाळाशाळांतून होतात त्याच आहेत.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. या शाळेच्या मनात कृतज्ञता भरपूर होती, पण कोणी नेमकं काय केलं याची नोंद तिच्याकडे नव्हती. पुढचे सगळे घोळ तिथून सुरू झाले.

शाळा आणि कामं

पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, पट साधारण ५२०. पालकांची मदत सात ठिकाणी व्हायची: ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हर घालून क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावणं, दुसरी-तिसरीच्या मुलांचं वाचन ऐकणं, शाळा सुटताना फाटकाजवळची गर्दी सांभाळणं, आरोग्य तपासणीच्या दिवशी उंची-वजनाच्या नोंदी घेणं, क्रीडा दिन, सहल आणि स्नेहसंमेलन. पालकांशी संपर्काचं काम एका बाईंकडे, तेही त्यांचा वर्ग सांभाळून.

यातली काही कामं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतात, काही कोणाला दिसतच नाहीत. स्नेहसंमेलनात रंगमंचामागे धावपळ करणारे पालक साऱ्या शाळेला माहीत असतात. रात्री घरचं आवरल्यावर पुस्तकांना कव्हर घालत बसलेली आई ग्रंथपालांखेरीज कोणाला माहीत नसते. यादी आठवणीतून केली की पहिले आठवतात, दुसरे राहून जातात.

गळतीचा खरा आकडा

८६ वरून ४७, म्हणजे ३९ कमी झाले, असं सभेत सांगितलं गेलं. हा आकडा तसाच धरला तर निदान चुकतं. ८६ पैकी १५ पालकांची मुलं सातवी होऊन शाळेतून गेली होती. ते पालक थांबणारच होते. उरले ७१. नव्या ४७ नावांत ११ पालक पहिल्यांदाच आलेले होते. म्हणजे जुन्यांपैकी पुन्हा नाव देणारे फक्त ३६. मूल अजून त्याच शाळेत आहे, तरी पालकाने नाव दिलं नाही, अशी ३५ घरं निघाली. ७१ पैकी ३५, जवळजवळ निम्मी. सभेत ज्या ३९ वर चर्चा चालली होती, त्यापेक्षा ही ३५ नावं कितीतरी जास्त बोलकी होती.

कोणत्याही शाळेने आधी ही वजाबाकी करावी. लागतात फक्त दोन वर्षांच्या याद्या आणि अर्धा तास.

विचारायचं कसं

पहिला प्रस्ताव फॉर्म पाठवण्याचा होता. तो बाजूला ठेवला हे बरं झालं. थांबलेला पालक फॉर्म भरत नाही, आणि भरला तरी "वेळ मिळत नाही" एवढंच लिहून मोकळा होतो. फोन करायचं ठरलं, तर प्रश्न आला की करणार कोण. वर्गशिक्षिकेने केला तर पालक खरं बोलत नाही. मूल तिच्याच हाताखाली असतं. संपर्काच्या बाईंनी केला तर त्यांच्याच कामाबद्दलची तक्रार त्यांच्याच तोंडावर कशी सांगायची? शेवटी पालक समितीतल्या दोन सदस्यांनी, आपल्या मुलाची इयत्ता सोडून इतर इयत्तांच्या पालकांना, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे फोन केले.

"का थांबलात?" हे त्यांनी विचारलंच नाही. त्या प्रश्नाला माणसं सभ्य उत्तर देतात, खरं देत नाहीत. प्रश्न तीनच होते. शेवटचं कोणतं काम केलंत? त्या कामाचं पुढे काय झालं हे तुम्हाला कळलं का? पुन्हा यायचं झालं तर काय वेगळं हवं?

३५ पैकी २९ जण बोलले. आठ जणांची अडचण खरोखरच वेळेची होती: नोकरीची पाळी बदललेली, घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस. नऊ जणांनी सांगितलं की बोलावलं, पण गेल्यावर करायला काही नव्हतं, नुसतं उभं राहून परत आलो. सात जणांचं नाव प्रमाणपत्रांच्या यादीतून सुटलं होतं किंवा चुकीचं छापलं गेलं होतं. पाच जण म्हणाले, काम करून दिलं, पुढे त्याचं काय झालं कोणास ठाऊक.

भेटवस्तू लहान होती, असं एकानेही म्हटलं नाही.

सात नावांचा घोळ झाला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. प्रमाणपत्रांची यादी संपर्काच्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवरून आणि आठवणीतून केली होती. ग्रुपमध्ये बरेच पालक "तिसरी ब, अमक्याची आई" अशाच नावाने नोंदलेले. छपाईच्या आदल्या दिवशी खरी नावं हवी झाली, तेव्हा मुलाच्या हजेरीपटावरचं आडनाव आईच्या नावापुढे जोडलं गेलं. त्यातल्या दोघींचं आडनाव मुलापेक्षा वेगळं होतं. एकीचं नाव बरोबर, पण प्रमाणपत्र तिच्या नवऱ्याच्या नावाने. तो वर्षभरात एकदाही आला नव्हता. उरलेल्या चौघांची नावं ग्रुपमध्येच नव्हती, म्हणून यादीतही नव्हती. या चारांपैकी एका आईने वर्षभरात सहा खेपांना प्रत्येकी ४० पुस्तकं घरी नेऊन कव्हर घालून दिली होती. २४० पुस्तकं! सत्काराच्या दिवशी ती मुलाला सोडायला फाटकापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली.

आणखी एक गोष्ट फोनवर दोन-तीनदा आली आणि ती ऐकून मुख्याध्यापक गप्प झाले. कार्यक्रम सकाळी दहाचा होता. आठ वाजता "थोडी मदत लागेल" असा निरोप ग्रुपवर पडला, आणि नेहमीप्रमाणे तेच दहा-बारा पालक धावून आले. आपल्याच सत्काराच्या खुर्च्या त्यांनीच मांडल्या आणि नंतर उचलल्याही त्यांनीच.

फेटाळलेले दोन उपाय

सभेत लगेच दोन सूचना आल्या. पहिली गुणांची: दर तासाला १० गुण, तक्ता दर्शनी भागात, वर्षाअखेर "सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक पालक". दुसरी सूचना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटवस्तू जाहीर करण्याची.

गुणांची पद्धत टाकून दिली ती योग्यच, असं आमचं ठाम मत आहे. तास मोजले की ज्याच्याकडे दिवसा मोकळा वेळ आहे तो जिंकतो. पाळीवर काम करणारी आई महिन्यातून एक शनिवार काढते; तिला तो तास जेवढा महाग पडतो तेवढा दुसऱ्या कोणाला चार तासही पडत नाहीत. शिवाय तक्त्यावर तळाला असलेलं नाव रोज तिथून ये-जा करणाऱ्या मुलाला दिसतं.

आधी जाहीर केलेल्या बक्षिसाबद्दल मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीच्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, काहींना न सांगता अचानक दिलं आणि काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी सांगून बक्षीस मिळालेली मुलं बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत राहिली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नाही. मुलांवरचा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही हे खरं. पण आवडीने केलेल्या कामाला आधीच मोल लावून ठेवलं की ते काम वेगळं वाटू लागतं, एवढी सावधगिरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

नोंदवही

बदलाची सुरुवात एका साध्या रेघांच्या वहीपासून झाली. पाच रकाने: तारीख, पालकाचं नाव, काम, कधीपासून कधीपर्यंत, आणि त्या कामाचं पुढे काय झालं. शेवटचा रकाना त्या दिवशी रिकामाच राहतो. आठवड्याभरात भरायचा असतो. बाकीचे चार रकाने भरायला एक मिनिटही लागत नाही.

वही भरायची कोणी, यावर सगळं अवलंबून आहे. पालकांनी स्वतः भरायची ठरवली तर उत्साही पालक भरतात आणि संकोची राहून जातात, म्हणजे जुनाच घोळ नव्या वहीत. म्हणून नियम केला: ज्याला मदत झाली त्याने, त्याच दिवशी. वाचनाच्या तासाची नोंद वर्गशिक्षिका करेल, पुस्तकांची ग्रंथपाल, फाटकावरची शिपाईमामा. शिपाईमामांचं नाव मुद्दाम घेतलं, कारण कोण किती वाजता आलं, कोण पावसात उभं राहिलं, हे शाळेत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. घरी नेलेल्या कामाची नोंद ते परत येईल त्या दिवशी, नग मोजून.

नावासाठी वेगळी काळजी घेतली. नोंदणीच्या कागदावरच "प्रमाणपत्रावर नाव जसं हवं तसं स्वतःच्या हाताने लिहा" अशी ओळ घातली. तिच्याखाली आणखी एक प्रश्न: तुमचे आभार कसे मानलेले आवडतील? सर्वांसमोर, चिठ्ठीने, की नकोच? पहिल्या फेरीत ४७ पैकी १९ जणांनी चिठ्ठीवर खूण केली. वर्षानुवर्षं ज्यांना हात धरून व्यासपीठावर ओढलं जात होतं, त्यातले कितीतरी या १९ मध्ये होते.

बोलावणं नीट केलं

नऊ जणांची तक्रार आभारांविषयी नव्हती, पण उपाय तिथेही लागणारच होता. माणसाचा सकाळचा वेळ वाया घालवून संध्याकाळी त्याला गुलाब दिला तर तो गुलाब त्याला खुपतोच.

मागच्या क्रीडा दिनाला ३० जणांना बोलावलं होतं. २६ आले आणि काम होतं फार तर १८ जणांचं. आता आकडा असा काढला: एका वेळी सहा ठिकाणी स्पर्धा, प्रत्येक ठिकाणी दोघे, म्हणजे १२. प्रथमोपचाराजवळ दोघे, पाण्याजवळ दोघे, राखीव दोघे. एकूण १८, आणि दोन पाळ्या. प्रत्येकाला तीन दिवस आधी एक निरोप: काम काय, जागा कोणती, किती ते किती, आल्यावर कोणाला भेटायचं, येणं जमलं नाही तर कोणाला कळवायचं. ठरलेली वेळ झाली की काम अर्धवट असलं तरी "तुमची वेळ झाली, तुम्ही निघा" असं शिक्षकानेच म्हणायचं. राखीव दोघांची गरज नाही असं दिसलं की त्यांना तासाभरातच आभार मानून मोकळं करायचं, आणि वहीत त्यांचीही नोंद करायची. येऊन थांबणं हीसुद्धा मदत आहे.

चिठ्ठी

सगळ्यात जास्त फरक चिठ्ठीने पडला, आणि सगळ्यात जास्त कुरकुरही तिच्यावरच झाली.

जुन्या प्रमाणपत्रावरचा मजकूर होता: "शाळेच्या विविध उपक्रमांतील आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे." यात चूक काही नाही. फक्त हे वाक्य ८६ जणांपैकी कोणालाही देता येतं, म्हणून ते कोणाचंच होत नाही. २४० पुस्तकं करून देणाऱ्या त्या आईला फोननंतर ग्रंथपालांनी पुन्हा बोलावलं. ती आली, पहिली खेप करून दिली, आणि तिसऱ्या दिवशी तिला ही चिठ्ठी मिळाली:

"मंगळवारी तुम्ही परत केलेली ४० पुस्तकं बुधवारी दुसरी अ च्या वाचनपेटीत गेली. शुक्रवारपर्यंत त्यातली ३१ मुलांनी घरी नेली. कव्हरच्या दुमडी तुम्ही आतून चिकटपट्टीने बसवल्या आहेत, त्यामुळे पुस्तक दप्तरात अडकत नाही आणि कोपरे फाटत नाहीत, हे मी पाहिलं. मनापासून आभार."

चार वाक्यं. पहिल्यात काय केलं, दुसऱ्यात त्याचं काय झालं, तिसऱ्यात पाहणाऱ्याने काय टिपलं, चौथ्यात आभार. तिसरं वाक्य अवघड असतं, कारण ते लिहायला काम खरंच पाहावं लागतं. ते सुचत नसेल तर पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करून पाहावं, सुचतं.

चिठ्ठी दोन-तीन दिवसांत जायला हवी. आठवडा उलटला की तपशील विसरतो आणि पुन्हा "मोलाचं सहकार्य" येतं. लिहायची ती ज्याला मदत झाली त्याने. हाताने लिहिली तर उत्तम, मोबाइलवर पाठवली तरी चालेल. मात्र ग्रुपवर नको, त्या पालकाला एकट्याला.

शिक्षकांची हरकत वेळेपेक्षा संकोचाची जास्त होती. "आम्हाला असं लिहिता येत नाही, उगाच लाडीगोडी लावल्यासारखं वाटेल." अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं: आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की वाचणारा अवघडेल, आणि तो शब्दांच्या निवडीची चिंता करत बसतो, वाचणाऱ्याला मात्र लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद होतो, आणि शब्दांपेक्षा आपुलकी पोहोचते. हे शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. त्याने सगळे तयार झाले असं नाही, पण सहा-सात जणांनी लिहायला घेतलं आणि उत्तरं आल्यावर बाकीचे वळले.

मुख्याध्यापकांचा वाटा वेगळा ठेवला: आठवड्याला चार पालक, वहीतून निवडून, दोन मिनिटं प्रत्यक्ष किंवा फोनवर. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जीनो यांच्या २०१० च्या अभ्यासात एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांपैकी काहींना विभागाच्या संचालिकेने प्रत्यक्ष येऊन धन्यवाद दिले. त्यांनी पुढच्या आठवड्यात केलेले फोन ५० टक्क्यांहून जास्त वाढले, बाकीच्यांचे जवळपास तेवढेच राहिले. संशोधकांच्या मते त्यामागे "आपण लागतो आहोत" ही भावना होती. इथे एक पथ्य पाळलं: धन्यवादाच्या त्या दोन मिनिटांत पुढचं काम सांगायचं नाही. "खूप छान झालं, बरं का, पुढच्या महिन्यात सहल आहे..." असं वाक्य निघालं की आधीचे आभार खोटे वाटायला लागतात.

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९८५ मध्ये ठरवला. शाळेने त्या दिवशी समारंभ केला नाही. वही उघडून बसले आणि ज्यांची नोंद आहे पण एकदाही चिठ्ठी गेलेली नाही अशी नावं काढली. १४ निघाली. त्या आठवड्यात चिठ्ठ्या गेल्या.

मुलांना मध्ये आणताना

मुलांकडून शुभेच्छापत्रं करून घेण्याची प्रथा होती. फळ्यावर मजकूर, ३५ मुलं उतरवून घेणार, ३५ सारखी पत्रं. ती बंद केली. त्याऐवजी ज्या मुलांचं वाचन त्या पालकाने ऐकलं, त्यातल्या दोघा-तिघांनी आपल्या मनाने एक ओळ लिहायची किंवा चित्र काढायचं. "काकू, मी आता जोडाक्षरं न थांबता वाचतो" अशी एक ओळ आली. बाईंनी तिचं शुद्धलेखनही सुधारलं नाही, तशीच दिली. योग्य केलं.

दोन गोष्टींना मात्र सक्त मनाई. वर्गात "कोणाकोणाचे आईबाबा मदतीला येतात, हात वर करा" असं विचारायचं नाही. ज्यांचे येऊ शकत नाहीत, किंवा ज्यांना आईबाबा नाहीत, त्यांना तो प्रश्न फार लागतो. आणि पालकाच्या मदतीची परतफेड मुलाच्या पदरात टाकायची नाही: नाटकात मोठी भूमिका नाही, पुढची जागा नाही, वर्गप्रमुखपद नाही. एकदा असं झालं की दुसऱ्या दिवशीपासून मदतीला येणाऱ्या प्रत्येक पालकाकडे संशयाने पाहिलं जातं, आणि निव्वळ आवडीने येणारे आधी थांबतात.

आभाराच्या फोटोंबाबतही तसंच. पालकाचा फोटो टाकताना मागे दिसणाऱ्या इतरांच्या मुलांच्या घरची संमती लागते. संमती नसेल तर कामाचा फोटो घ्यावा: पुस्तकांची थप्पी, रंगवलेला पडदा.

नव्या पद्धतीतही बिघडलं ते

पहिल्या महिन्यात वही निम्मीच भरली. ती कार्यालयात कपाटात होती, शिक्षकांना तिथवर जायला वेळ नव्हता. वही फाटकाजवळच्या टेबलावर आली, तिला दोरीने पेन बांधलं, आणि प्रश्न बराचसा सुटला. परीक्षांच्या आठवड्यात नोंदी पुन्हा थंडावतात. त्या दिवसांत शिपाईमामा नुसती नावं आणि वेळ लिहून ठेवतात, बाकी नंतर.

एका सरांनी एकच चांगली चिठ्ठी लिहिली आणि नावं बदलून नऊ जणांना पाठवली. त्यातल्या दोघी शेजारी राहत होत्या. दोघींनी चिठ्ठ्या समोरासमोर ठेवल्या आणि पुढचं सांगायला नको. साच्यातल्या चिठ्ठीपेक्षा न पाठवलेली बरी.

वडील आले की कौतुक जास्त व्हायचं. एक वडील सहलीला एकदा सोबत गेले. त्यांच्याबद्दल स्नेहसंमेलनात दोन मिनिटं बोललं गेलं, "वडील असूनही कामाच्या व्यापातून वेळ काढला". वर्षभर दर गुरुवारी वाचन ऐकणाऱ्या आईचं नाव एका दमात इतरांसोबत वाचलं गेलं. वही समोर असती तर हे बोलणाऱ्याच्याच लक्षात आलं असतं. तेव्हापासून व्यासपीठावर बोलणारा वहीतूनच वाचतो.

आणि एक नाजूक प्रसंग. वाचन ऐकायला येणाऱ्या एका मातेने, हेतू चांगला असेल, पण कोणतं मूल मागे आहे हे ग्रुपवर लिहिलं. तिच्या कामाचे आभार आणि ही समज एकाच भेटीत दिली गेली: "तुम्ही खूप वेळ देता, पण..." त्या "पण"ने आधीचं सगळं पुसलं. आता समज वेगळी, त्याच दिवशी, खाजगीत, सरळ शब्दांत: वर्गात कळलेलं कोणत्याही मुलाबद्दलचं काही बाहेर बोलायचं नाही. आभार त्यांच्या वेळी, त्यांच्या कामाचे. शिवाय हा नियम नोंदणीच्या दिवशीच सगळ्यांना सांगितला जातो; सोबत येण्या-जाण्याची नोंद, गळ्यातलं ओळखपत्र आणि कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकट्याने न बसण्याचा नियम. पालक कितीही जुना आणि जवळचा असो, यात सूट नाही.

नाव राहण्याचा प्रकार एकदा पुन्हा घडला. "चुकून राहिलं, तुम्ही तर आपल्याच आहात" असं म्हणायचा मोह होतो. त्याने जखम वाढते, कारण आपलं माणूसच विसरलं गेलेलं असतं. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी फोन केला, कारण न देता चूक कबूल केली, आणि जिथे यादी लावली होती तिथेच दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लावली.

दुसऱ्या वर्षीचा कार्यक्रम

कार्यक्रम झाला, पण ४५ मिनिटांचा, आणि संध्याकाळी, म्हणजे नोकरी करणारेही येऊ शकतील असा. खुर्च्या शिक्षकांनी मांडल्या, आवरल्याही त्यांनीच. पालकांना त्या दिवशी कशालाही हात लावू द्यायचा नाही असं ठरलं होतं. भाषण एक, पाच मिनिटांचं. मग प्रत्येक वर्गशिक्षकाने वहीतून एकेका पालकाबद्दल एक ओळ वाचली. माणशी १२ सेकंद धरले तरी ४७ जणांची दहा मिनिटंसुद्धा होत नाहीत. ज्यांना सर्वांसमोर नको होतं त्यांचं नाव वाचलं नाही; त्यांची चिठ्ठी आधीच घरी गेली होती. यादी तिघांनी वेगवेगळी तपासली: संपर्काच्या बाई, वर्गशिक्षक आणि शिपाईमामा. मामांनी दोन नावं वाढवली.

तिसऱ्या वर्षी नोंदणीला ५५ नावं आली. मागच्या ४७ पैकी आठ जणांची मुलं शाळेतून गेली होती. उरलेल्या ३९ पैकी ३१ टिकले. नवे १८, आणि फोनवर तक्रार सांगितलेल्यांपैकी परत आलेले सहा. ८६ चा आकडा गाठला नाही, आणि त्याची घाईही नाही. हे सगळं आभारांमुळेच झालं असं म्हणता येत नाही, कारण बोलावण्याची पद्धतही त्याच वेळी बदलली होती. पहिल्या वर्षी तासांची नोंदच नसल्यामुळे एकूण मदत वाढली की घटली हेही सांगता येत नाही. टिकण्याचं प्रमाण मात्र ७१ पैकी ३६ वरून ३९ पैकी ३१ वर गेलं, एवढं वहीत दिसतं.

पहिल्या वर्षी मुलं सातवी होऊन गेली त्या १५ पालकांना शाळेने वेगळं काही म्हटलंच नव्हतं. गर्दीतल्या प्रमाणपत्रावरच निरोप झाला. आता मूल शाळा सोडताना पालकाच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी वहीतून एका पानावर उतरवून, खाली मुख्याध्यापक, ग्रंथपाल किंवा वर्गशिक्षक आणि शिपाईमामा अशा तिघांच्या सह्यांनी दिल्या जातात. पान तयार करायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून ते काम शेवटच्या आठवड्यावर न ढकलता महिनाभर आधी सुरू करायचं. पानावर विशेषणं नसतात. तारखा, कामं आणि नग असतात.